ताबा त्यांचा, घरपट्टी ताईची

नोटीस आली तेव्हा ताई कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होती. मी दार उघडलं, पोस्टमनने सही घेतली आणि पाकीट मी उलटसुलट करून पाहिलं. खिडकीवाल्या पाकिटातून चांगली बातमी येत नाही, हे आमच्या घरात एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं.

"वाच," ताई म्हणाली. इस्त्री काही थांबली नाही.

मी वाचलं. नगरपालिकेची घरपट्टी, आठ तिमाह्यांची थकबाकी. त्यावर दंड. आणि घर रिकामं ठेवल्याबद्दल दुप्पट आकारणी. महिन्याभरात भरली नाही तर सामान जप्त करू, असं खाली ठळक अक्षरांत.

"कुठल्या घराची?" ताईने विचारलं.

"तुमच्या. जुन्या."

आता मात्र इस्त्री उभी राहिली.

ते घर ताई आणि भाऊजींनी सोडलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून दोघंही माझ्या दोन खोल्यांत राहत होती. मी नळदुरुस्तीची कामं करतो, एकटा आहे. माझं लग्न झालेलं नाही हे ताई मला दिवसातून एकदा तरी ऐकवते, जसं काही मी ते कुठेतरी ठेवून विसरलोय. पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं टेबल. त्याच्याशेजारी भाऊजींची खाट. मी आत.

त्याआधी ताईची मोठी लाँड्री होती. कपडे धुवायची तीन मशिनं, बारा माणसं, एक गाडी. गाडी भाऊजी चालवायचे. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या चादरी तिच्याकडे यायच्या, आणि तेच नडलं. हॉटेल एका सोमवारी बंद झालं ते आठ महिन्यांची बिलं बुडवून. मशिनं कर्जावर घेतलेली, घर गहाण. ताईने आधी बाराही जणांचे पगार दिले, मग कोर्टात जाऊन दिवाळखोरीचा अर्ज भरला. कोर्टातून बाहेर आल्यावर ती मला म्हणाली होती, "लोकांना वाटतं दिवाळं निघालं म्हणजे माणूस पळाला. मी पळाले नाही. मी रांगेत उभी राहिले."

कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याने सगळ्या मालमत्तेची यादी केली आणि घरावर काट मारली. घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त, त्यातून बाकीच्यांच्या हाती काही लागणार नाही, तेव्हा घराचं तुम्ही आणि बँक बघून घ्या, असं तो म्हणाला. बँकेचं पत्र आलं : घर रिकामं करा, किल्ल्या आणून द्या. ताईने जाण्याआधी खिडक्यांच्या काचासुद्धा धुतल्या. किल्ल्या दिल्या, पावती घेतली. विषय संपला, असं आम्ही समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ताईबरोबर नगरपालिकेत गेलो. तीन नंबरच्या खिडकीत एक कारकीण बसली होती. चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा ती टेबलावर शोधत होती.

"डोक्यावर आहे," ताई म्हणाली.

कारकिणीने चष्मा लावला, कागद पाहिला आणि कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. "दिवाळखोरीच्या आधीची पट्टी माफ झालेली आहे. ही नंतरची. नंतरचं माफ होत नाही."

"पण नंतर मी तिथे राहिलेच नाही. किल्ल्या बँकेकडे आहेत. ही पावती."

"पावती किल्ल्यांची आहे, घराची नाही. घर रजिस्टरला तुमच्याच नावावर आहे. बँकेने नावावर करून घेतलेलं नाही."

"का नाही घेतलं?"

"ते बँकेला विचारा. मी इथे फक्त पट्टी लावते."

"आणि दुप्पट कशाबद्दल?"

"घर रिकामं आहे. लोकांनी घरं नुसती अडवून ठेवू नयेत म्हणून तसा नियम आहे."

ताई हसली. ते हसू मी लहानपणापासून ओळखतो. त्यानंतर आमच्या घरात कुणाची तरी धडगत नसायची.

"म्हणजे मला घराबाहेर काढलं, म्हणून मी बाहेर पडले, म्हणून दुप्पट?"

कारकिणीने कागद परत पुढे सरकवला. वाईट बाई नव्हती. पाठीमागे बघून हळूच म्हणाली, "बाई, मलाही पटत नाही. पण मालक म्हणून तुमचंच नाव आहे."

"लिहून द्या."

"काय?"

"मालकीण मी आहे, हे. शिक्क्यासकट."

"त्याचा उतारा मिळतो. फी पडेल."

ताईने फी भरली. उतारा घेऊन आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा तिने तो दोनदा वाचला, आणि पर्समध्ये न ठेवता हातातच धरला.

बँकेत आम्हाला एक तरुण साहेब भेटला. अतिशय सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग काहीही दिलं नाही. "प्रक्रिया चालू आहे," तो म्हणाला.

"दोन वर्षं?"

"फाइल वर गेली आहे."

"किती मजले आहेत तुमच्या बँकेला?"

तो कसनुसं हसला. मग जरा खरं बोलला. घर नावावर करून घेणं बँकेवर बंधनकारक नाही. घेतलं की घरपट्टी, विमा, छपराची दुरुस्ती, सगळं बँकेच्या गळ्यात पडतं. सध्या घरांचे भाव पडले आहेत. चढले की लिलाव करू.

"आणि चढेपर्यंत पट्टी मी भरू?"

"नाव तुमचं आहे ना, मॅडम."

"मग किल्ल्या द्या."

"किल्ल्या देता येणार नाहीत. ताबा आमच्याकडे आहे."

"ताबा तुमचा आणि पट्टी माझी?" ताईचा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलावरचा माणूस नोटा मोजताना चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

घरी आल्यावर भाऊजींना सांगितलं. भाऊजी शांत माणूस. हल्ली दुसऱ्याची गाडी चालवत होते. कागद म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. ते म्हणाले, "हप्त्या-हप्त्याने भरून टाकू. डोक्याला ताप नको."

"भरू. आणि पुढच्या तिमाहीला?"

"तीही भरू."

"आणि त्याच्या पुढच्या? बँकेला भाव चढायची वाट बघायची आहे. तोवर मी त्यांच्या घराची पहारेकरीण, तीही पदरमोड करून?"

भाऊजींनी दिवा मालवला. पाठ करून झोपले. मला वाटलं, थकले असतील.

गरीब लोकांना फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई बुधवारी वाचनालयात बसते. ताई सगळे कागद घेऊन तिच्यासमोर बसली. वकीलबाईने उतारा पाहिला, किल्ल्यांची पावती पाहिली, पुन्हा उतारा पाहिला.

"तुम्हाला घराबाहेर काढायचा कोर्टाचा हुकूम आहे?"

"नाही. बँकेचं पत्र आलं, आम्ही निघालो."

"लिलाव झाला?"

"नाही."

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "मग तुमचं घर आहे, तुम्ही जा आणि राहा."

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. पण तिने नीट समजावलं. बँकेचा घरावर गहाणाचा हक्क आहे, तो तिने कोर्टात जाऊन वसूल करावा. त्याला वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल. तोवर मालकिणीला तिच्याच घरात जायला कुणी अडवू शकत नाही. घर रिकामं आहे तोवर बँकेला काही घाई नाही. आत माणूस राहायला आला की बघा घाई कशी होते ती. "फक्त चोरासारखं जाऊ नका," ती म्हणाली. "आधी कळवा. बँकेला, नगरपालिकेला, पोलिसांना. तारीख आणि वेळ घालून."

ताईने तीन पत्रं लिहिली. अक्षर तिचं टपोरं. "माझ्या मालकीच्या घरात मी येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता राहायला जात आहे. कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी." कुणीही कळवलं नाही. अशा पत्रांवर कुणाचा विश्वास बसत नसावा.

शुक्रवारी भाऊजी म्हणाले, "मी येणार नाही."

"का?"

"त्या गल्लीत पुन्हा तोंड दाखवायचं? आपण निघालो तेव्हा लोक पडद्याआडून बघत होते. मला अजून आठवतं."

"आता पडदे उघडून बघतील," ताई म्हणाली. पण इस्त्रीची वायर तिने दोनदा गुंडाळली आणि दोनदा सोडली. भाऊजींशिवाय ती कुठल्याही मोठ्या कामाला कधी गेली नव्हती.

शनिवारी आम्ही दोघंच गेलो. मी हत्यारांची पेटी घेतली, ताईने इस्त्री, तिचं टेबल, दोन गाद्या आणि चहाचं भांडं. कुलूपवाला दाराशी थांबला होता. त्याने उतारा मागितला, वाचला आणि बँकेचं कुलूप दोन मिनिटांत काढून तिच्या हातात दिलं. "हे ज्याचं त्याला परत करा," म्हणाला. ताईने ते कागदात गुंडाळून वर तारीख घातली.

घर बघून मात्र तिला पायरीवरच बसावं लागलं. अंगणात कमरेएवढं गवत, आणि गवतात लोकांनी आणून टाकलेला कचरा, एक मोडकी खुर्चीसुद्धा. स्वयंपाकघराची काच फुटलेली, ओट्यावर पारव्यांनी संसार मांडलेला. न्हाणीघराची भिंत हिरवीगार. मी पाण्याची चावी सोडली आणि भिंतीतल्या जोडातून कारंजं उडालं.

तेवढ्यात समोरच्या घरातले म्हातारे रस्ता ओलांडून आले. ते आधी बस चालवायचे. आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा.

"आलात का? दोन वर्षं तुम्हाला शिव्या देतोय मी! घर टाकून पळालात, उंदीर आमच्याकडे. तुमच्या नावाने चार तक्रारी केल्या आहेत नगरपालिकेत."

ताई उठून उभी राहिली. मला वाटलं, भांडण होणार. तिने त्यांना पायरीवर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. हॉटेल, कोर्ट, किल्ल्या, दुप्पट पट्टी. म्हातारे ऐकत होते आणि त्यांचे कान लाल होत गेले.

"म्हणजे घर त्यांनी सडवलं आणि शिव्या मी तुम्हाला दिल्या?"

"हो."

"मग त्या परत घेतो," ते म्हणाले आणि जाऊन विळा घेऊन आले. संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्धं अंगण साफ केलं. अधूनमधून बँकेला नव्या शिव्या घालत होते. जुन्यांपेक्षा जास्त दमदार.

मी रविवारी जोड बदलला, काच बसवली. ताईने भिंती खरवडल्या, फरशी तीनदा धुतली. मंगळवारी फाटकाला पुठ्ठ्याची पाटी लागली : "इस्त्री करून मिळेल." गल्लीतल्या बायका आधी पाटी वाचायला आल्या, मग कपडे घेऊन. कुणी जुना विषय काढला नाही, कुणी मुद्दाम काढला. ताईने दोघींचेही कपडे सारखेच चांगले केले.

त्याच दिवशी दुपारी भाऊजी आले. कामावरून परस्पर, हातात तेलाची बाटली. फाटक कुरकुरत होतं, त्याच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, दहा वेळा उघडून-मिटून पाहिलं. मग आत आले आणि म्हणाले, "चहा आहे?"

ताईने चहा ठेवला.

गुरुवारी बँकेचा साहेब आला, बरोबर दोन दांडगे आणि एक पोलीस. आम्ही सगळे घरातच होतो. साहेब आज तेवढा सभ्य नव्हता.

"ही घुसखोरी आहे," तो दारातूनच म्हणाला. "ताबडतोब बाहेर निघा."

भाऊजी उठले. मला वाटलं, आता हे सामान आवरायला घेतील. ते दारापर्यंत गेले, साहेबाच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी पाय पुसा. फरशी आत्ताच धुतली आहे."

साहेबाने पाय पुसले. ते दोन दांडगेही पुसायला लागले. पोलिसाने हसू दाबलं. ताईने पोलिसासमोर सगळे कागद ओळीने मांडले : उतारा, पत्रांच्या पोचपावत्या, नोटीस. त्याने सावकाश वाचले, बोट ठेवून.

"साहेब," तो बँकवाल्याला म्हणाला, "इथे तर मालकीण ह्याच दिसतात. तुमच्याकडे कोर्टाचा हुकूम आहे का?"

"घर आमच्याकडे गहाण आहे!"

"आहे ना," ताई म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते? करा लिलाव. घ्या नावावर. दोन वर्षं काय मी तुमचा हात धरला होता? मी किल्ल्या आणून दिल्या, तुम्ही खिशात टाकल्या आणि घर माझ्या नावाने सडत ठेवलंत. पट्टी द्यायची वेळ आली की मी मालक, आणि आत राहायची वेळ आली की मी चोर? दोन्हींपैकी एक काय ते ठरवा. मी दोन्हीला तयार आहे."

मग तिने कागदात गुंडाळलेलं कुलूप त्याच्या हातात ठेवलं. "हे तुमचं. पोचल्याची सही द्या."

आणि त्याने दिली!

पुढच्या आठवड्यात बँकेचा फोन आला. ताईने घर सोडावं, बँक तिला "सामान हलवायचा खर्च" म्हणून काही रक्कम देईल. आकडा थकबाकीपेक्षा थोडा मोठा होता. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे.

"नको," ती फोनवर म्हणाली. "पैसे घेऊन मी निघाले की नाव तसंच राहील आणि पुढच्या तिमाहीला पाकीट पुन्हा माझ्याच दारात. आधी रजिस्टर बदला. किल्ल्या दिल्या त्या दिवसापासूनची पट्टी तुम्ही भरा, दंडासकट. मग मी जाते. आणि हो, फोनवर नको. कागदावर."

तिकडून काहीतरी बोलणं झालं.

"थांबा की," ताई म्हणाली. "मला घाई नाही. मी माझ्या घरात आहे."

राहायला आल्यापासून धरून सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मी ताईला जशी पाहिली तशी लाँड्री जोरात असतानाही पाहिली नव्हती. सकाळी दारं-खिडक्या सताड उघडी. अंगणात दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी. एकदा मी न राहवून विचारलं, "ताई, हे घर परत मिळवता येईल का गं?" तिने बाही उलटवून दुसऱ्या बाजूने दाबली. "नाही," म्हणाली. "कर्ज घरापेक्षा मोठं आहे, ते खरंच आहे. मला घर नको आहे रे. मला ओझं उचलायला लावायचं आणि वर दार बंद करायचं, ते नको आहे." डोळे पुसले नाहीत, कारण हातात इस्त्री होती.

कागद आले ते अकरा पानांचे. साहेब सहीसाठी घरी आला. ताईने सगळी पानं वाचली. तो घड्याळ बघत होता, भाऊजी त्याला चहा देत होते. सातव्या पानावर एका ओळीत असं होतं की मागच्या पट्टीबद्दल पुढे काही निघालं तर ते ताईचं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने पेन काढून ओळ खोडली, बाजूला सही केली. त्यानंतरच तिने सही केली.

नगरपालिकेत कारकिणीने आमच्यासमोर नाव बदललं. बँकेचा चेक आलाच होता. "सगळं चुकतं झालं," ती म्हणाली.

"नाही," ताई म्हणाली. "सात आठवड्यांची माझी. साध्या दराने. राहत होते मी तिथे."

"बाई, तीही बँकेने भरली आहे."

"मग त्यांची परत द्या. मी राहिले, मी भरणार."

कारकिणीने चष्मा काढला, तिच्याकडे बघितलं आणि वेगळी पावती फाडली.

घर आम्ही भर दुपारी सोडलं, पुढच्या दाराने. म्हाताऱ्यांनी त्यांच्या अंगणातून मोठ्याने निरोप दिला, इतका मोठ्याने की चार घरांतली माणसं बाहेर आली. भाऊजींनी त्या सगळ्यांना हात केला. गाडी त्यांनी मालकाकडून दिवसभरासाठी मागून आणली होती. मागे टेबल, गाद्या आणि आठ गिऱ्हाइकांचे कपडे, कारण त्यांनी सांगितलं होतं, कुठेही जा, कपडे तुमच्याकडेच येणार.

मला वाटलं, गाडी माझ्याकडे जाणार. पण दुसऱ्या चौकात ताई म्हणाली, "डावीकडे घ्या." एका बोळाच्या तोंडाशी बंद गाळा होता. बाहेर त्याचा मालक, जाडसा माणूस, शटर वर करत होता. आत अंधारी पण कोरडी खोली, मागे एक मोरी.

ताईने आधी भिंतीला हात लावून ओल पाहिली, मग मला मोरीकडे पिटाळलं. मी नळ सोडला. पाणी आलं, बारीक धार.

"दाब कमी आहे," मी म्हणालो.

"मग वाढव," ताई म्हणाली, आणि मालकाकडे वळून तिने भाड्याचं बोलणं सुरू केलं.